शाळेंतून कोर्टांत : दुभाषी नौरोजी फर्दुनजी

[नभोवाणीवरील भाषण]

माणगांवच्या मोटारस्टँडपासून पुण्याकडे एक रस्ता फुटतो. तो निजामपुरावरून जाऊन पुढें ताम्हिणीचा घाट चढतो. पावसाळ्यांत धबधबे पाहावयास जाणाऱ्या मंडळींच्या गाड्या निजामपुरांत चहापुरत्या थांबतात आणि निघून जातात. या गांवावरून १६७४ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा एक वकील आपल्या लवाजम्यासह रायगडाकडे गेला, हें त्या मंडळींच्या गांवींही नसतें. वकील म्हणजे कोर्टांतला वकील नव्हे. राजदरबारीं आपल्या धन्याचें म्हणणें मांडणारा तो वकील, हा त्या शब्दाचा जुना अर्थ येथें घ्यावयाचा. त्याचें नांव हेन्री ऑक्झेंडन. १३ मे रोजीं तो मुंबईहून निघाला आणि चौल, अष्टमी, निजामपूर, गांगवली असे मुक्काम करीत पाचाडास पोंचला. त्याच्या या प्रवासाची हकीकत इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. गडावर हत्ती चढविले तरी कसे, याचें त्याला वाटलेलें नवल प्रसिद्धच आहे. या साहेबांना रोज एवढें मांस लागतें तरी कशाला, हें पाहण्याकरितां एक म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला होता, ही गोष्टही त्या हकीकतींत नमूद आहे.

परंतु मला आज ऑक्झेंडनविषयीं बोलावयाचें नाहीं. त्याच्याबरोबर असलेल्या, आणि त्याच्याही आधीं गडावर जाऊन आलेल्या एका माणसाविषयीं प्रथम दोन शब्द सांगावयाचे आहेत. नारायण शेणवी हा मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी. त्या वर्षीं एप्रिलच्या आरंभीं त्यानें रायरीहून मुंबईस एक पत्र पाठविलें. महाराजांची एक राणी नुकतीच निवर्तली असल्यामुळें भेटीसाठीं थांबावें लागलें, निराजी पंडितांच्या मध्यस्थीनें भेट झाली, सोन्यारत्नांचें सिंहासन तयार होत आहे, जूनमध्यें राज्याभिषेक व्हावयाचा आहे, अशी बातमी तो कळवितो. आणि पुढें तो असेंही लिहितो कीं, अभिषेक खुद्द महाराजांनाच होणार कीं त्यांच्या ताब्यांत असल्याचें बोलतात त्या निजामशाही घराण्यांतल्या कुणा राजपुत्राला, हें अद्याप कळत नाहीं. राज्याभिषेकाला दोन महिने उरले असतां गडाच्या पायथ्याशीं लोक काय कुजबुजत होते, तें या एका वाक्यामुळें आपल्याला ऐकूं येतें. दुभाषी हा दोन्हीकडचें ऐकत असतो. त्याच्या कानांवर येणारें सारेंच कांहीं दरबारांत बोलावयाचें नसतें.

६ जूनला भर दरबारांत ऑक्झेंडननें लांबूनच मुजरा केला आणि नजर करावयाची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसावी म्हणून नारायण शेणव्यानें ती हात वर करून धरली. महाराजांची दृष्टि तिकडे गेली व त्यांनीं वकिलाला सिंहासनापाशीं बोलावून घेतलें. इंग्रजांच्या कागदांत त्या दिवसाचा नारायण शेणवी एवढाच उरला आहे : एक वर केलेला हात. त्याचें तें एप्रिलचें पत्रही आपल्याला इंग्रजी रूपांतच वाचावयास मिळतें. दोन राज्यांमध्यें उभा राहून जो बोलला, त्याचा स्वतःचा मराठी शब्द आपल्या हातीं येत नाहीं.

दुभाष्याच्या धंद्याचें हें लक्षणच आहे. तो जितका उत्तम, तितका अदृश्य. ऐकणाऱ्याला असें वाटलें पाहिजे कीं साक्षीदारच इंग्रजींत बोलत आहे. मग अशा माणसाला स्वतःचें म्हणून कांहीं सांगावयाचें असेल, तर त्यानें तें केव्हां व कोठें सांगावें? या प्रश्नाला ज्याच्या चरित्रानें उत्तर दिलें असा एक दुभाषी नारायण शेणव्यानंतर सुमारें एकशें सत्तर वर्षांनीं त्याच मुंबईंत होऊन गेला. त्याचें नांव नौरोजी फर्दुनजी. आज तें नांव फारसें कुणाला आठवत नाहीं. दादाभाई नौरोजींशीं नामसाम्य असल्यामुळें कित्येकदां दोघांची गल्लतही होते.

नौरोजींचा जन्म १८१७ सालीं भडोच येथें झाला. मुंबईंत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत ते शिकले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें हुशार विद्यार्थी होता होतांच साहाय्यक शिक्षक झाले. एल्फिन्स्टन साहेबांच्या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली संस्था ती हीच. तिचा तो काळ मोठा विलक्षण होता. बाळशास्त्री जांभेकर तेथेंच शिकवीत होते. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापून निघालें. मराठी, गुजराथी, फारशी, इंग्रजी या भाषांचें एकमेकींशीं काय नातें आहे, एकीचा शब्द दुसरींत कसा बसवावा, हा त्या पिढीच्या तरुण शिक्षकांचा रोजचा उद्योग होता. शब्दकोश अपुरे, पाठ्यपुस्तकें थोडीं. फळ्यासमोर उभें राहून ज्यानें त्यानें आपला मार्ग शोधावा.

तेथून या एकोणीस वर्षांच्या शिक्षकाला एकदम काबूलची वाट धरावी लागली. अलेक्झांडर बर्न्स हा अधिकारी २६ नोव्हेंबर १८३६ रोजीं मुंबईहून सिंधु नदीच्या मार्गानें अफगाणिस्तानाकडे निघाला. त्याच्या लोकांत भाषांतराच्या कामाला नौरोजी होते. सप्टेंबर १८३७ मध्यें ही मंडळी काबूलला पोंचली. दोस्त महंमदाच्या दरबारांतलें राजकारण फिसकटलें आणि १८३८ च्या एप्रिलमध्यें बर्न्सला तेथून काढतें पाय घ्यावे लागले. नौरोजींनीं मात्र काबूल व बुखारा येथील वजनें, मापें आणि नाणीं यांविषयीं एक टिपण लिहिलें. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तें १८३८ सालीं छापलें गेलें. वरिष्ठ मंडळी रशियाचा झार काय करील याच्या चिंतेंत असतां हा मुलगा बाजारांत जाऊन तेथलें वजन आपल्या हिशेबानें किती भरतें, तें उतरून घेत होता. मला तर हेंही भाषांतरच वाटतें. परक्याचा शेर आपल्या शेराशीं ताडून पाहावयाचा, यापरतें दुभाषी दुसरें काय करतो?

बर्न्स पुन्हां काबूलला गेला आणि २ नोव्हेंबर १८४१ रोजीं तेथें मारला गेला. नौरोजींचें पुढलें आयुष्य मुंबईंतच गेलें. १८४५ च्या सुमारास ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत भाषांतरकार व दुभाषी म्हणून रुजू झाले आणि जवळजवळ वीस वर्षें त्या कामावर राहिले.

हें सुप्रीम कोर्ट म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कोंकणांत किंवा देशावर कंपनीच्या अदालती होत्या. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायद्यांप्रमाणें तेथलें खालचें काम देशी भाषेंत चाले. मुंबई बेटावर मात्र १८२४ पासून राजाचें कोर्ट बसत असे. न्यायाधीश विलायतेचे, बॅरिस्टर विलायतेचे, कायदा इंग्लंडचा आणि भाषा इंग्रजी. अशा त्या दालनांत गुजराथी पेढीवाला, भाटिया व्यापारी, माहीमचा कोळी, किंवा आमच्या बाजूनें पडावांत बसून मुंबईस पोट भरावयास गेलेला एखादा हमाल शपथ घेऊन उभा राही. तो काय बोलला हें न्यायाधीशाला व ज्यूरीला कळण्याचा मार्ग एकच : मध्यें उभा असलेला दुभाषी.

ज्यांना हें काम सोपें वाटतें त्यांनीं एकदां करून पाहावें. आपला साधा ‘परवां’ हा शब्द घ्या. तो मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्या दिवसालाही. हिंदुस्थानी ‘कल’ची तीच गत. क्रियापद कानीं पडेपर्यंत दुभाष्याला तोंड उघडतां येत नाहीं आणि खेड्यांतला माणूस तर पुष्कळदां क्रियापद गिळूनच टाकतो. ‘माझा भाऊ’ म्हणजे सख्खा, चुलत, कीं नुसता गांवचा? ‘घरांतून’ सांगितलें म्हणजे बायकोनें सांगितलें, हें इंग्रज बॅरिस्टराला कसें समजावें? ‘अब्रू’ला इंग्रजींत शब्द आहेत, पण ज्या अब्रूसाठीं आमच्याकडे विहीर जवळ केली जाते ती त्यांत मावत नाहीं. बरें, स्पष्टीकरण करण्याचा दुभाष्याला अधिकार नाहीं. ‘याला असें म्हणावयाचें आहे’ हें वाक्य त्यानें उच्चारलें कीं त्यानें मर्यादा ओलांडली.

या बाबतींत एक गोष्ट मला कबूल करावयाची आहे. परप्रांतांतल्या एका शहरांत कांहीं वर्षें मीं मराठी शिकविली. तेथें आमच्याच बाजूच्या एका मोटारट्रक चालविणाऱ्याची एका अपघाताच्या प्रकरणांत साक्ष होती. त्याला मराठीवांचून दुसरी भाषा नीट येत नव्हती, तेथल्या लोकांना मराठी येत नव्हती. म्हणून मला बोलावणें आलें. मी मोठ्या उत्साहानें गेलों. भाषेचा शिक्षक तो, मला काय कठीण? साक्षीदार म्हणाला, “तिथं चार माणसं उभी होती, त्यांनी बघितलंय.” मीं तात्काळ इंग्रजींत ‘चार माणसें’ म्हणून आंकडा सांगितला. उलटतपासणींत त्याला चौघांचीं नांवें विचारण्यांत आलीं. त्याला दोघांचीं ठाऊक होतीं. चार म्हणजे कांहीं लोक, लोकांच्या देखत, एवढाच त्याच्या बोलण्याचा अर्थ होता, हें मला तेव्हां उमगलें. परंतु तोंवर तो खोटा साक्षीदार ठरून चुकला होता. मीं पुढें होऊन खुलासा करण्याचा प्रयत्न केला, तेव्हां मला गप्प बसविण्यांत आलें, आणि तें रास्तच होतें. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही होतात म्हणून धीर होता.” त्या वाक्याचें भाषांतर करण्याची पाळी माझ्यावर आली नाहीं, हें बरें झालें. नौरोजींच्या चरित्राकडे मी वळलों तो त्या दिवसापासून.

नौरोजींनीं वीस वर्षें हें रोज केलें. आपण काय केलें, कोणता शब्द कोठें अडला, याचें त्यांनीं लिहिलेलें टिपण माझ्या पाहण्यांत नाहीं. परंतु त्या जागेवरून त्यांना काय दिसलें, तें त्यांच्या कृतींवरून उघड होतें.

१८५२ सालीं २६ ऑगस्टला मुंबईंत बाँबे असोसिएशन स्थापन झाली. नाना शंकरशेट, डॉक्टर भाऊ दाजी, दादाभाई यांच्याबरोबर नौरोजीही तींत होते. कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटपुढें यावयाचा होता. त्या निमित्तानें १८५३ सालीं मुंबई इलाख्याच्या मुलकी कारभारावर नौरोजींचें एक इंग्रजी पुस्तक लंडनला छापलें गेलें. या पुस्तकाचें मुखपृष्ठ मला त्यांतल्या मजकुराइतकेंच बोलकें वाटतें. लेखकाच्या नांवाखालीं त्याचा हुद्दा दिला आहे : राणीसरकारच्या सुप्रीम कोर्टाचा चौथा भाषांतरकार व दुभाषी. पहिला नव्हे, दुसरा नव्हे, चौथा! सरकारी पगार खाणारा, नोकरांच्या यादींत चवथ्या ओळीवरचा हा माणूस आपला हुद्दा न लपवितां त्याच सरकारच्या कारभाराचे दोष विलायतच्या लोकांसमोर मांडतो. दुसऱ्यांचीं वाक्यें अचूक उच्चारण्यासाठीं ज्याला नेमलें होतें, त्यानें तेथें प्रथमच आपलें स्वतःचें वाक्य उच्चारलें. त्यासाठीं त्यानें भाषा निवडली ती मात्र धन्याची. कारण ज्यांना ऐकवावयाचें होतें त्यांना दुसरी येत नव्हती.

दुसरें काम त्यांच्या जातीपुरतें होतें, पण कोर्टांतल्या अनुभवाचा रंग त्यांत अधिक दिसतो. हिंदूंना हिंदूंचा कायदा, मुसलमानांना त्यांचा. पारशांना मात्र मुंबई बेटावर इंग्लंडचाच कायदा लागू पडे. त्या कायद्यानें बापाची स्थावर मिळकत वडील मुलाच्या घशांत जावयाची. या आपत्तींतून १८३७ च्या नवव्या कायद्यानें पारशांची सुटका झाली होती. परंतु लग्न, सोडचिठ्ठी, स्त्रियांची मिळकत यांचा घोळ राहिलाच. पारशी बाई कोर्टांत उभी राहून आपल्या रीतीप्रमाणें आपलें म्हणून जें सांगे, तें दुभाषी शब्दाला शब्द लावून इंग्रजींत सांगे. आणि तरीही न्यायाधीशाच्या कायद्यांत त्या वस्तूला जागाच नसे. भाषांतर बिनचूक, आणि न्याय मात्र चुकलेला. १८५५ मध्यें पारशी लॉ असोसिएशन निघाली, तींत नौरोजी पुढाकारानें वावरले. सोराबजी शापुरजी बंगाली प्रभृति मंडळींबरोबर दहा वर्षें खटपट झाली, आणि १८६५ सालीं पारशांचा विवाहाचा व वारशाचा असे दोन कायदे मंजूर झाले. शब्द बदलून जें साधेना, तें साधावयाला कायदाच बदलून घ्यावा लागला. याच सुमारास रहनुमाई माझ्दयस्नान सभेचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतें. धर्माचारांतल्या सुधारणेसाठीं ती १८५१ सालीं निघाली होती. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं.

१८६२ च्या ऑगस्टमध्यें सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आलें. त्याच वर्षीं जुन्या कोर्टाच्या शेवटच्या महिन्यांत गाजलेला महाराज लायबल खटला निकालांत निघाला होता. गुजराथी वर्तमानपत्रांतला एक लेख, ब्रजभाषेंतले सांप्रदायिक ग्रंथ, आणि निकाल देणारे न्यायाधीश सॉस व अर्नोल्ड; भाषांतरावर किती कांहीं अवलंबून असतें, तें त्या खटल्यानें साऱ्या शहराला दाखविलें. १८६४ च्या सुमारास नौरोजी सेवानिवृत्त झाले. आतां त्यांच्या जिभेवर कुणाची शपथ उरली नव्हती.

पुढल्या वीस वर्षांत हा माणूस इतका बोलला, कीं मागच्या वीस वर्षांची भरपाई करीत असावा असें वाटतें. निपचित पडलेली बाँबे असोसिएशन १८६७ नंतर पुन्हां उभी राहिली, तींत ते होते. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यानें शहर सुधारलें खरें, पण खर्च हाताबाहेर गेला. तेव्हां १८७१ सालीं करदात्यांच्या वतीनें त्याला जाब विचारणाऱ्यांत नौरोजी अग्रभागीं होते. त्या चळवळींतून १८७२ चा कायदा आला आणि करदात्यांना नगरपालिकेंत आपले प्रतिनिधि निवडतां येऊं लागले. लोकांनीं त्यांना जें बिरुद दिलें त्याचा आशय ‘रयतेचा कैवारी’ असा होता. ते चिवट होते, आंकडे तोंडपाठ असत, आणि समोरच्याला कंटाळा येईपर्यंत ते सोडीत नसत, अशीही त्यांची ख्याति होती. मला तो दोष वाटत नाहीं.

तशांत एक प्रसंग असा आला कीं मला तो त्यांच्या चरित्रांतला सर्वांत मोठा वाटतो. हिंदुस्थानच्या जमाखर्चाच्या चौकशीसाठीं पार्लमेंटनें १८७१ सालीं एक समिति नेमली. ती पुढें तीनचार वर्षें बसत होती. तिच्यापुढें साक्ष देण्यासाठीं नौरोजी विलायतेस गेले. दादाभाईंनींही याच समितीपुढें साक्ष दिली. दृश्य डोळ्यांपुढें आणून पाहा. आयुष्यांतलीं उमेदीचीं वर्षें ज्यानें साक्षीदाराच्या बाजूला उभें राहून काढलीं, तो आतां स्वतः साक्षीदार झाला आहे. प्रश्न इंग्रजींत, उत्तर इंग्रजींत. मध्यें कुणी नाहीं. ज्या रयतेच्या डोक्यावरील करांविषयीं तो बोलत होता ती रयत मात्र गुजराथी व मराठी बोलणारी. तेव्हां एका अर्थानें त्याचें जुनें काम सुटलेलें नव्हतेंच.

येथें मला पुढल्या काळाची एक आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १९०८ च्या जुलैमध्यें मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. केसरींतले लेख मराठी, ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. लेखांचें इंग्रजी भाषांतर सरकारनें पुढें केलें आणि टिळकांनीं भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली. शब्दामागून शब्द घेऊन, मूळांत काय आहे आणि इंग्रजींत काय उतरलें आहे, तें त्यांनीं दाखवून दिलें. ज्यूरीचा निकाल सात विरुद्ध दोन असा पडला. शिक्षा सहा वर्षें काळ्या पाण्याची. ज्या भाषेंत गुन्हा घडला म्हणावयाचें, ती भाषा ठरविणाऱ्यांच्या कानांनीं ऐकलीच नव्हती. माझ्या ट्रकवाल्याचें प्रकरण याच्यापुढें क्षुल्लक. जात मात्र एकच.

१८८४ सालीं सरकारनें नौरोजींना सी. आय. ई. ही पदवी दिली. २२ सप्टेंबर १८८५ रोजीं ते वारले. त्यानंतर तीन महिन्यांनीं, २८ डिसेंबरला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. तेथें प्रांतोप्रांतींचे लोक जमले होते आणि एकमेकांशीं बोलावयाला त्यांनीं इंग्रजी भाषा वापरली. नौरोजींना तें पाहावयास मिळालें नाहीं.

ज्या इमारतींत ते काम करीत, ती अजून उभी आहे. सध्यांच्या हायकोर्टाची दगडी इमारत १८७८ सालीं पुरी झाली. त्याआधीं कोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या हॉर्नबी साहेबाच्या जुन्या वाड्यांत बसे. गोदीच्या सिंहद्वारासमोर, पुढें ग्रेट वेस्टर्न हॉटेल म्हणून ओळखली गेलेली ती वास्तु. तिच्यांत आतां कचेऱ्या व चित्रांचीं दालनें आहेत. मुंबईस गेलों कीं मी त्या बाजूनें एक फेरी मारतों.